रक्ताधानातील प्रतिक्रिया

रक्त किंवा रक्तघटक चढवताना अथवा चढवल्यानंतर रुग्णाला होणारा अपाय. बहुतेक प्रतिक्रिया सौम्य असतात. न जुळणारे रक्त मात्र जिवावर बेतू शकते.

बाँबे रक्तगट : सातारा-सांगली भागात या गटाचे भान विशेष हवे. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत त्याचे प्रथम वर्णन केले. भारतात साधारण १०,००० जणांत एकाचा हा गट असतो. कोकण व दक्षिण महाराष्ट्रात तो तुलनेने अधिक आढळला आहे. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर एच प्रतिजन नसते, रक्तद्रवात मात्र एचविरोधी प्रतिपिंडे असतात. केवळ पेशी तपासल्यास गट ‘ओ’ भासतो. पण ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर असल्याने ते रक्त दिल्यास पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात. रुग्णाचा रक्तद्रव ओ पेशींशी तपासला व क्रॉसमॅच केले, की हा धोका आधीच उघड होतो. अशा रुग्णाला बाँबे गटाच्याच तांबड्या पेशी लागतात. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यात हा गट येण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून सख्ख्या भावंडांचे रक्त अवश्य तपासावे.

लक्षणे : हुडहुडी, ताप, कंबरदुखी, छातीत आवळणे, धाप, अंगावर पित्त उठणे, लालसर लघवी, रक्तदाब उतरणे. भूल दिलेल्या रुग्णात रक्तदाब घसरणे किंवा जखमेतून रक्त झिरपत राहणे एवढीच खूण दिसते. पहिली १५ मिनिटे रक्त सावकाश सोडून रुग्णाजवळ थांबावे. कावीळ व हिमोग्लोबिन घटणे ही लक्षणे काही दिवसांनीही दिसू शकतात.

उपाय : शंका येताच रक्त थांबवावे, सुई न काढता नव्या नळीने नॉर्मल सलाईन सुरू करून डॉक्टरांना बोलवावे. रुग्णाचे नाव, पिशवीवरील क्रमांक व गट पुन्हा ताडून पाहावेत. पिशवी नळीसह, रक्ताचा ताजा नमुना व लघवी रक्तपेढीकडे पाठवावी. नुसते पित्त उठले असल्यास ॲलर्जीरोधक औषध पुरते. तीव्र ॲलर्जीत ॲड्रिनॅलिन स्नायूत तातडीने द्यावे लागते. द्रवभाराने धाप लागल्यास रुग्णाला बसते करून ऑक्सिजन व लघवी वाढवणारे औषध देतात. पेशी फुटत असल्यास रक्तदाब व मूत्रपिंडे सांभाळणे सर्वांत महत्त्वाचे.

नोंद : अशा घटना नोंदवण्यासाठी २०१२ पासून राष्ट्रीय हीमोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू आहे. बाँबे गटाच्या व्यक्तीने गटाचे कार्ड कायम जवळ बाळगावे आणि प्रसूती वा शस्त्रक्रियेआधीच रक्तपेढीला कळवावे; दुर्मीळ रक्त जमवायला वेळ लागतो.