अश्वांचा चारा व किण्व : कौटिलीय अर्थशास्त्रांतील एक आहारमान

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें चाळणारास घोडा पदोपदीं भेटतो; परंतु तो काय खात होता व खाल्लेलें त्यास पचत कसें होतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. नाशिकजवळच्या आमच्या एकलहऱ्यासारख्या गोदाकांठच्या गांवांतून ज्वारीचा कडबा, बाजरीचें सरमड व गवत हीच जनावरांची जुनी वैरण. अशा कोरड्या, तंतुमय चाऱ्यावर लढाऊ घोडा कसा पोसावा, ही पागेची नित्याची विवंचना असे.

शिवछत्रपतींनीं चिपळूणच्या छावणींतील अंमलदारांस लिहिलेलें इ. स. १६७४ च्या सुमाराचें पत्र सर्वश्रुत आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व गवत आधींच उधळलें तर पुढें घोडीं मरूं लागतील व लष्कर रयतेस उपद्रव देईल, असा त्याचा आशय. वैरणीचा हिशेब हा राज्याच्या अब्रूचा विषय होता, हें त्यावरून उघड होतें.

घोडा रवंथ करीत नाहीं. त्याचें जठर लहान. चाऱ्यांतील काष्ठमय तंतु पचतात ते मोठ्या आंतड्यांत, व तेंही तेथील सूक्ष्म जीवांच्या आंबविण्याच्या क्रियेनें. दाणा बेताबाहेर झाला तर न पचलेलें पिष्ट तेथें उतरतें, आम्लता वाढते, तंतु पचविणारे जीव क्षीण होतात व पोटशूळ उठतो. आजचे पशुवैद्य कधीं कधीं खाद्यांत थोडें जिवंत यीस्ट, म्हणजे एक प्रकारचें किण्वच, मिसळावयास सांगतात, तें या जीवांस साह्य व्हावें म्हणून. कांहीं प्रयोगांत त्यानें तंतूंचें पचन वाढल्याचें आढळलें, कांहींत फरक दिसला नाहीं.

आतां जुन्या ग्रंथाकडे वळूं. शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, अश्वाध्यक्षाच्या प्रकरणीं, उत्तम घोड्याचा आहार मोजून दिला आहे. भात, जव, राळे अशांपैकीं धान्य दोन द्रोण; स्नेह एक प्रस्थ; मीठ पांच पळें; मांस पन्नास पळें; पिंड भिजविण्यास मांसरस एक आढक किंवा दहीं त्याच्या दुप्पट; आणि प्रतिपान म्हणून सुरा एक प्रस्थ किंवा दूध त्याच्या दुप्पट. शिवाय यवस अर्धा भार व तृण त्याच्या दुप्पट.

द्रोणाचे चार आढक व आढकाचे चार प्रस्थ. म्हणजे ३२ प्रस्थ धान्यास दहीं ८ प्रस्थ, अर्थात् चतुर्थांश. व सुरा अवघी बत्तिसावा हिस्सा. सुराध्यक्षाच्या प्रकरणांत उडीद व तांदूळ यांपासून किण्व करण्याची रीत दिली असून, मेदक नांवाच्या मद्यास पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक व किण्व तीन प्रस्थ सांगितलें आहे. असें मद्य गढूळ दिल्यास किण्वाचा अंश घोड्याच्या पोटांत जाणार. निवळून दिल्यास थोडाच उरणार.

तथापि एवढ्यावरून प्राचीनांस यीस्टचें रहस्य ठाऊक होतें असा डिंडिम वाजविणें आम्हांस मान्य नाहीं. यीस्ट सजीव आहे, हें एकोणिसाव्या शतकांत पाश्चर प्रभृतींच्या संशोधनानें ठरलें. शिवाय सुरेस पर्याय म्हणून दूध सांगितलें आहे, व दुधांत किण्व घातलेलें नसतें. तेव्हां प्रतिपानाचा हेतु पोषण किंवा श्रमपरिहार हाही असूं शकेल. दह्याचें कार्य तर ग्रंथकारानेंच पिंड भिजविणें असें सांगितलें आहे. इतकेंच निश्चित म्हणतां येतें कीं, गवताच्या भाऱ्याबरोबर आंबविलेला एखादा पदार्थ देण्याची रीत लेखनिविष्ट झालेली होती. कारण वेगळें व रीत वेगळी. रीतीचा पुरावा तो कारणाच्या ज्ञानाचा पुरावा नव्हे.

ती रीत पुढें मराठ्यांच्या पागांत टिकली कीं लोपली, याचा निर्णय कागदांनींच व्हावयाचा. तंजावरच्या सरस्वती महालांतून नकुलाचें अश्वशास्त्र इ. स. १९५२ मध्यें छापून निघालें. ज्यांच्या घरीं शालिहोत्राचीं बाडें किंवा पागेच्या जमाखर्चाचे बंद असतील, त्यांस आमची विनंति अशी कीं, नक्कल करतांना दाणा व वैरण यांचे मोठे आंकडेच उतरून थांबूं नये. ताक, दहीं, गूळ, मसाला यांच्या बारीक नोंदी क्षुल्लक म्हणून गाळल्या, तर घोड्याच्या पोटाचा इतिहास त्यांबरोबरच गेला असें समजावें.