‘सहज’ आणि ‘अपथ्यनिमित्त’

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : मातापित्यांच्या बीजदोषाने होणारा ‘सहज’ व अहितकर आहाराने होणारा ‘अपथ्यनिमित्त’. या दोहोंतील सीमा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली सहा खेड्यांत आरंभिलेल्या मातृपोषणाच्या अभ्यासाने पुसट केली. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो भरले. तथापि त्वचेखालील मेद त्या मानाने घटला नव्हता. हे फळ बीजाचे, की गर्भावस्थेतील पोषणाचे? २००८ सालच्या निष्कर्षांनुसार, गर्भारपणी बी-१२ अल्प व फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाची पूर्वखूण असलेला इन्शुलिन-प्रतिरोध सर्वाधिक होता. बीजाचा वाटा यामुळे नाहीसा होत नाही; परंतु मातेचे पथ्यापथ्यही अपत्यासह जन्मास येते. म्हणून ‘सहज’ म्हणजे केवळ बीजज, असा अर्थ यापुढे करता येणार नाही.