पंचनाम्यात न मावलेली भीती

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून मराठवाड्यातली गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातली किल्लारी, सास्तूर यांसारखी गावे जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवरच कोसळल्या. आठ ते दहा हजार माणसे गेली.

मी पडलो सरकारी कारकून. पंचनामा म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर रकाने येतात. मयत, जखमी, घर, गुरेढोरे. पण जो वाचला, आणि नंतर ट्रकच्या घरघरीनेही दचकून उठू लागला, छताखाली झोपायला धजेना, त्याची नोंद कुठे करायची? या दुखण्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, आघातोत्तर ताण विकार. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहिल्यावर १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी ते आपल्या अधिकृत यादीत घातले. पुढच्या अभ्यासांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. हा विकार जडणे केवळ आघाताच्या तीव्रतेवर ठरत नाही. आघातानंतर आपली माणसे जवळ होती की नाही, यावरही बरेच अवलंबून असते.

आता किल्लारीकडे पाहा. जागतिक बँकेच्या मदतीने मोठे पुनर्वसन झाले. ५२ गावे नव्या जागी वसवली. घरे जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. रस्ते रुंद, आखीव. कागदावर हे अगदी न्याय्य दिसते, आणि मजबूत घरांची गरज होतीच. पण बऱ्याच ठिकाणी एका गटाची घरे एकीकडे, दुसऱ्याची दुसरीकडे झाली. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहणारे भाऊबंद, शेजारी पांगले. रात्री दचकून उठलेल्या म्हातारीने हाक मारली तर ओ देणारी शेजारीण आता चार रस्ते पलीकडे!

याच भूकंपातून उलट दिशेचे धडेही मिळाले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. तिथे सोबतची मुलेही त्याच दुःखातून आलेली. जी गावे हलवली नव्हती तिथे घरदुरुस्तीच्या कामात महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले गेले. त्या सिमेंट-लोखंडाबद्दल बोलत आणि बोलता बोलता घरातले दुःखही ऐकून घेत, असे मला वाटते. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले, तेव्हा लातूरकडच्या काही बायका तिथल्या बायकांना भेटायला गेल्या. ‘आमचेही असेच झाले होते’ हे सांगायचा अधिकार त्यांचाच होता.

आपल्याकडे गोव्यात वाडा म्हणजे घरांची रांग नव्हे, तर माणसांचा गोतावळा. २ ऑक्टोबर २००९ चा काणकोणचा पूर आपण पाहिला आहे. पुन्हा कधी कुणाला उठवून दुसरीकडे वसवायची वेळ आली, तर भूखंडांची यादी करण्याआधी एक साधा प्रश्न विचारला जावा: तुमच्या शेजारी कोण राहत होते? नमुन्यात एवढा एक रकाना वाढवायला खर्च तो काय येणार?