बोअरचं पाणी उकळलं म्हणजे बाळासाठी सुरक्षित झालं का?

धाराशिव जिल्ह्यात उन्हाळा आला की अनेक गावांची भिस्त बोअर, विहीर आणि टँकरवर असते. घरात तान्हं बाळ असेल तर पाणी उकळून वापरतात. जंतूंसाठी ते योग्यच आहे. पण पाण्यात नायट्रेट असेल तर ते उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण वाढतं.

नायट्रेट येतं कुठून?

युरियासारखी खतं, उकिरडे, गोठे आणि शौचालयांचे शोषखड्डे यांतून ते जमिनीत मुरतं. पाण्याचा रंग किंवा वास बदलत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार, महाराष्ट्रात तपासलेल्या एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक होतं. भारतीय मानकानुसार ही मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे.

धोका कसा मोजतात?

तज्ज्ञ चार प्रश्न विचारतात:

१. रसायन शरीरात काय करतं? नायट्रेटपासून नायट्राइट बनतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते. बाळ निळसर पडतं. यालाच 'ब्लू बेबी सिंड्रोम' म्हणतात.

२. किती मात्रा चालते? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनुसार दिवसाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ७ मिलिग्रॅम.

३. प्रत्यक्षात पोटात किती जातं?

४. तिसऱ्या उत्तराला दुसऱ्याने भागल्यावर काय येतं? १ पेक्षा जास्त आलं तर काळजीचं कारण.

एकच बोअर, दोन उत्तरं

समजा, पाण्यात लिटरमागे ९० मिलिग्रॅम नायट्रेट आहे.

• ६० किलोचा माणूस, रोज ३ लिटर पाणी: किलोमागे ४.५ मिलिग्रॅम. भागाकार ०.६.

• ५ किलोचं बाळ, पावडरच्या दुधासाठी पाऊण लिटर पाणी: किलोमागे १३.५ मिलिग्रॅम. भागाकार १.९.

म्हणजे "आम्ही वर्षानुवर्षं हेच पाणी पितोय, काही झालं नाही" हा मोठ्यांचा अनुभव बाळाला लागू होत नाही.

मग करायचं काय?

• ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारून पाण्याची रासायनिक तपासणी करून घ्या. फक्त जंतूंची तपासणी पुरेशी नाही.

• तुरटी, क्लोरीन किंवा साध्या कँडल फिल्टरने नायट्रेट निघत नाही. चांगल्या स्थितीतल्या आरओने बरंच कमी होतं.

• सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध द्या. त्यात नायट्रेट फारसं उतरत नाही. वरचं दूध द्यावंच लागलं तर तपासलेलं पाणी वापरा.

• बाळाचे ओठ, नखं निळसर दिसली तर लगेच दवाखाना गाठा आणि घरी कुठलं पाणी वापरता, हे डॉक्टरांना सांगा.