माल कुणाचा, मजुरी कुणाची

आमच्या धाराशिव-लातूरच्या पट्ट्यात जुनं घर मोजायचं ते खणांत. चार खणांचं, सहा खणांचं, नऊ खणांचं. खाली डबर आणि मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आत लाकडी खांब, वर तुळया, तुळयांवर लाकडाच्या ढलप्या, त्यांवर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. हे झालं माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. दरसाल पावसाळ्याआधी वर नवी माती टाकून ती चोपून घ्यायची, एवढीच दुरुस्ती.

या घरातला एकूण एक जिन्नस घरमालकाचा असायचा. दगड आपल्या रानातला नाहीतर ओढ्यातला. माती गढीची किंवा पडक्या वाड्याची. लिंब-बाभूळ बांधावरची, सागवान असलंच तर बाजारातून आणलेलं. ते आणायलाही घरचीच गाडी. त्यामुळं किती गाड्या दगड पडले, किती गाड्या माती, हे घरातल्या लेकरालाही ठाऊक. गवंड्यानं यायचं ते थापी, ओळंबा आणि हातोडा घेऊन. माल त्याचा नसायचाच, मग मालाचा हिशोब त्याच्याशी कसला?

बलुत्याचा व्यवहार आपण जाणतोच. औताची, गाडीची कामं सुतार-लोहारानं वर्षभर करायची आणि खळ्यावर आपला वाटा न्यायचा. नवं घर मात्र या बलुत्यात बसत नसे. त्याची बोली वेगळी व्हायची. रोजाचे पैसे, दोन वेळचं जेवण, काम चालू असेतो घरी न्यायला ज्वारी आणि वास्तुशांतीला धोतर-फेटा. निजामाच्या अमलात आमच्या आज्यानं घर बांधलं तेव्हा मजुरी हाली रुपयांत दिल्याचं घरात सांगत. त्या घराच्या गोष्टीत भांडणं नव्हती असं नाही. पण ती रोजावरून, जेवणावरून, मानपानावरून. मालावरून नव्हती.

मग सिमेंट आलं. आधी धरणाला, पुलाला, शाळेला. घरांना फार उशिरा. बरीच वर्षं सिमेंटवर सरकारचं नियंत्रण होतं. विहीर बांधायची तर तहसिलीत अर्ज, मग परमिट, मग दुकानाच्या चकरा. सिमेंटला किती मोल होतं हे साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं, कारण सिमेंटवाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी नियंत्रण थोडं सैल झालं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं.

या परमिटच्या काळात एक गोष्ट गुपचूप घडली. चार ठिकाणी उठबस असलेला, दुकानदाराच्या ओळखीचा गवंडी लोकांना माल मिळवून देऊ लागला. "आबा, तुम्ही कशाला हेलपाटे घालायलाव? मी आणतो की." घरमालकालाही बरं वाटलं. गवंड्याचा मिस्त्री झाला आणि मिस्त्रीचा ठेकेदार. थापी धरणारा हात आणि माल आणणारा हात एकच झाला. पूर्वी दगडाची गाडी दारात रिकामी व्हायची ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आता हिशोब चिठ्ठीवर आला आणि चिठ्ठी मिस्त्रीच्या खिशात गेली.

याची खरी कसोटी लागली ती भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीची धरणी हलली. हजारो माणसं याच दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेली. जी गावं पार झोपली ती नव्या जागी वसवली गेली. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. पण त्याहून किती तरी अधिक गावं अशी होती, जिथं घर उभं होतं पण भिंतीला भेग गेली होती. आमचं गाव त्यातलं. जागतिक बँकेच्या मदतीनं राबवलेल्या कार्यक्रमात अशा घरांच्या दुरुस्तीला पैसे मिळाले, तेही हप्त्याहप्त्यानं. एका टप्प्याचं काम अभियंत्यानं पाहिलं की पुढचा हप्ता. काम करून घ्यायचं मात्र घरमालकानं.

काय करायचं तेही सांगितलेलं होतं. माळवदावरची माती कमी करून ओझं हलकं करायचं. भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून आरपार भोकं पाडून त्यांत सळई घालून काँक्रीट भरायचं. खांब-तुळयांना तिरप्या टेका द्यायच्या. भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. कामं शहाणपणाची, पण त्यातला माल गावाला नवा. मातीचा अंदाज असलेल्या माणसाला सिमेंटचा अंदाज कुठून असणार? आणि सगळ्या मुलखात एकाच वेळी कामं निघालेली, त्यामुळं मिस्त्री म्हणेल ती पूर्व दिशा.

आमच्या घराचं काम ज्यानं घेतलं, त्याच्याच बापानं आज्याच्या भिंती रचल्या होत्या. काम चांगलं झालं. शेवटी चिठ्ठी आली, तीत सिमेंटच्या गोण्या ४६. आबांनी चिठ्ठी वाचली आणि घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवली. काकू आतून म्हणाली, "रिकाम्या गोण्या तर माझ्यापाशी ३४ हायेत. धुऊन, मोजून ठेवल्यात." वाळवण घालायला, वैरण झाकायला म्हणून ती काम चालू असताना एकेक गोणी उचलून ठेवत होती. हिशोब ठेवावा असं तिच्या मनातही नव्हतं.

आबांनी गल्लीत आवाज केला नाही. मिस्त्रीला संध्याकाळी घरी बोलावलं, चहा दिला आणि टेप काढायला सांगितला. दोघांनी मिळून गिलावा मोजला तर १२ ब्रास भरला, म्हणजे १२०० चौरस फूट. ब्रासला पावणेदोन-दोन गोण्या धरल्या तर २२-२३. पट्टा १२० फूट लांब, पाऊण फूट उंच, अर्धा फूट जाड. ४५ घनफूट, त्याला आठ. आरपार भोकांना तीन. बेरीज काकूच्या गोण्यांपाशीच येऊन थांबली.

मिस्त्री बराच वेळ गप्प बसला. चार गोण्या दुसऱ्या कामावर वळवल्याचं त्यानं कबूल केलं. मग म्हणाला, "आबा, खरं सांगू का? मजुरीत तुम्ही मला किती घासलाव ते आठवा. गिलाव्याच्या दरात दोन रोज घासाघीस केलाव. मालाचं मात्र एका शब्दानं विचारलं नाहीत. माझ्यासंग सहा माणसं हायेत. त्यांचा रोज मी कुठनं काढायचा?"

हे खोटं नव्हतं. मजुरी डोळ्यांना दिसते म्हणून सगळं गाव तिथंच घासाघीस करतं, आणि मालाकडं कुणी पाहत नाही म्हणून पोटाला लागणारा पैसा मिस्त्री तिथून काढतो. त्यात लबाडी आहेच, पण ती ज्या वाटेनं येते ती वाट दोघांनी मिळून पाडलेली असते.

त्या रात्री ठरलं ते असं. माल ३४ गोण्यांचाच धरायचा. गिलाव्याचा दर वाढवायचा. दुकानातून माल आणून देण्याची खटपट केली तिचे वेगळे पैसे, तेही चिठ्ठीवर लिहून. सगळी बेरीज पहिल्या चिठ्ठीपेक्षा थोडीच कमी झाली. पण पुढं आमच्या घरचं प्रत्येक काम त्याच माणसानं केलं, आणि माल मात्र आमच्या नावाच्या पक्क्या पावतीवर दुकानातून थेट दारात उतरला.

आज गावात दोन्ही रीती चालतात. कुणी मालासकट काम देतो, कुणी नुसत्या मजुरीवर. मालासकट द्यायचं असेल तर किती माल लागेल हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्यावं आणि गोण्या दारात उतरताना मोजाव्यात. वाळूचा ढीग न मोजता ट्रॉली मोजावी. लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणून शंभरानं भागलं की ब्रास निघतो. ओली वाळू फुगते हेही ध्यानात ठेवावं. सळईचं वजन तर काट्याशिवायही कळतं. जाडी जितक्या मिलिमीटर, तिचा वर्ग करून १६२ नं भागायचं. आलं ते मीटरमागं किलो. बारा मिलिमीटरची ४० फुटी सळई पावणेअकरा किलोच्या आसपास भरते. आणि हे सगळं करण्याआधी मजुरीचा दर असा ठरवावा की त्यात समोरच्या माणसाचं घर चालेल.