सुट्टीचा दर

सन २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत नागपुरांत धरमपेठेपासून महालापर्यंत अनेक घरांत रात्रीं दोन वाजतां एक लहानसा दिवा लुकलुकत असे. घरचीं माणसें निजलेलीं असत. जागा असे तो टेबलावरचा संगणक व त्याच्या शेजारचा मोडेम. भारत संचार निगमनें २००५ च्या जानेवारींत ‘डेटावन’ नांवाची ब्रॉडबँड सेवा सुरू केली आणि पुढें तिच्या पांचशें रुपयांच्या घरगुती योजनेंत अशी सवलत ठेवली कीं, रात्रीं दोनपासून सकाळीं आठपर्यंत जें उतरवून घ्यावें त्याचें माप लागणार नाहीं. दिवसा मात्र महिन्याचा ठराविक सांठा संपला कीं मेगाबाइटमागें पैसे पडत. तेव्हां चित्रपट, गाणीं, संगणकाच्या नव्या प्रणाली, जें जड असेल तें सारें रात्रींसाठीं राखावयाचें, यंत्राला वेळ नेमून द्यावयाची आणि निजावयाचें, असा नेमच होऊन बसला. ज्यांना तशी वेळ नेमून देतां येत नसे ते गजर लावून उठत. एरवीं सातपर्यंत अंथरूण न सोडणारा मुलगा दोनला उठतो याचें कौतुक करावें कीं काळजी, हें कित्येक आयांना कळेनासें झालें. आठपूर्वीं यंत्र थांबवावयास विसरणें म्हणजे मात्र मोठ्या बिलाला आमंत्रण!

हा दोनचा मुहूर्त कोणा ज्योतिषानें काढलेला नव्हता. तारा व यंत्रें घालावीं लागतात तीं दिवसांतील ऐन गर्दीच्या मानानें, आणि तीं रात्रीं रिकामीं राहिलीं म्हणून त्यांचा खर्च कांहीं चुकत नाहीं. इंग्लंडांत जॉन हॉपकिन्सन यानें १८९२ मध्यें विजेच्या दरासंबंधीं हाच विचार मांडला: पुरवठ्याचा खर्च गिऱ्हाईक एकंदर किती वापरतें यापेक्षां एका वेळीं किती मागतें यावर अधिक अवलंबून असतो. १९३४ सालीं तेथील टपाल खात्यानें सायंकाळीं सातनंतरच्या लांबच्या टेलिफोनला एक शिलिंगाची कमाल मर्यादा घातली, तीहि याच हिशेबानें.

आपल्याकडे एस.टी.डी.चा आरंभ १९६० मध्यें लखनौ-कानपूर मार्गावर झाला. पुढें ती सोय गांवोगांव पोंचली तेव्हां तिचे दर नागपूरकरांना पाढ्यांसारखे पाठ झाले: दिवसा पूर्ण, सायंकाळीं निम्मा, रात्रीं अकरानंतर पाव. मुलगा पुण्याला शिकतो, लेक मुंबईला दिलेली, अशीं माणसें जेवणें उरकून पीसीओच्या बांकावर अकराची वाट पाहत बसत. रविवारीं आणि राष्ट्रीय सुट्ट्यांच्या दिवशीं, म्हणजे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबरला, दिवसाहि सवलत असे. कारण उघड आहे. तारेचें मोठें गिऱ्हाईक म्हणजे कचेरी, पेढी आणि गिरणी. तीं बंद असलीं कीं तार मोकळी. परंतु या यादींत दिवाळी नव्हती कीं पोळा नव्हता. घराला घराशीं बोलावेंसें वाटतें त्या दिवसाची तेथें गणनाच नव्हती.

घरगुती इंटरनेटहि आलें तें एका राष्ट्रीय सुट्टीलाच. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें तें सामान्य ग्राहकांस खुलें केलें. आरंभ मोठ्या महानगरांतून झाला. त्या काळीं तें टेलिफोनच्याच तारेनें येई. तास विकत घ्यावयाचे, वर टेलिफोनचे पैसे निराळे, आणि जोंवर मुलगा इंटरनेटवर तोंवर घरचा टेलिफोन बाहेरच्याला बंद.

मोबाइल आला आणि पारडें फिरलें. आतां मोठें गिऱ्हाईक घर झालें. दिवाळीच्या पहांटे, ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीं शुभेच्छा एकाच घटकेला सुटूं लागल्या, तेव्हां कंपन्यांनीं त्या दिवसांपुरत्या सवलती काढून घेतल्या. महिनाभराच्या स्वस्त संदेशांचे पैसे आधींच भरलेल्या माणसाला ऐन सणाला पूर्ण दर पडे. अशा दिवसांना ‘ब्लॅकआउट डे’ हें नांव पडलें. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें १ सप्टेंबर २००८ च्या आदेशानें असे दिवस आधीं जाहीर करण्याचें आणि वर्षांत पांचांहून अधिक न ठेवण्याचें बंधन घातलें. ग्राहकाला दिलासा मिळाला खरा. पण सण महाग असूं शकतो, हें तत्त्वहि त्याच आदेशांत मान्य होऊन गेलें. जी सुट्टी एके काळीं रिकामी म्हणून स्वस्त होती, ती आतां भरलेली म्हणून महाग झाली.

ब्रॉडबँडची रात्रसवलत मात्र पंचांग पाहत नसे. रविवार असो कीं दसरा, दोन ते आठ. सुट्टीला घरीं बसलेल्या विद्यार्थ्याला दिवसभर माप लागे, आणि उद्यां शाळा आहे त्या रात्रीं तेंच फुकट मिळे. सवलतीची किंमत झोपेनें मोजावयाची, आणि ती ज्याचा खिसा हलका त्यानें, हा प्रकार कांहीं फारसा न्यायाचा नव्हता.

जुन्या रविवारच्या सवलतीला भारत संचार निगमनें एकदां पुन्हां जीव दिला, पण तो टेलिफोनपुरता. ऑगस्ट २०१६ पासून रविवारीं दिवसभर बोलणें फुकट झालें. १ फेब्रुवारी २०१८ पासून तें बंद पडलें. मधल्या काळांत, सप्टेंबर २०१६ मध्यें, जिओ आलें होतें, आणि बोलण्याला निराळा दर असतो हेंच लोक विसरूं लागले होते.

मग २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली. सारेच दिवस सुट्टीचे झाले आणि कचेरी घरीं येऊन बसली. या वेळीं सणाचा दर कोणी लावला नाहीं. चित्रपट दाखविणाऱ्या कंपन्यांनीं मोबाइलवरील चित्राची स्पष्टता कांहीं दिवसांपुरती उतरविली. गर्दीची किंमत पैशाऐवजीं अंधुक चित्रानें भागविली गेली.

आज घरगुती फायबरच्या बहुतेक योजनांत तास पाहत नाहींत, दिवसहि नाहीं. तास मोजण्याचें काम आतां विजेच्या मीटरनें उचललें आहे. १ जुलै २०२५ पासून महाराष्ट्रांत स्मार्ट मीटर बसलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळीं नऊ ते सायंकाळीं पांच या वेळेच्या युनिटांवर सवलत मिळूं लागली. रात्रीं दोनला संगणक लावून निजणारीं घरें आतां धुण्याचें यंत्र दुपारीं लावावें काय, याचा हिशेब करीत आहेत. मात्र कामाच्या दिवशीं दुपारीं घरीं असतें कोण?