खांडबाऱ्याला बर्फ पडेल का?

नोव्हेंबर लागला की आमच्या खांडबाऱ्यात दोन गोष्टी हमखास येतात. एक गारठा आणि दुसरी मोबाईलवर फिरणारी बातमी: 'सातपुड्यात बर्फवृष्टी, नंदुरबारचं झालं काश्मीर!' सोबत फोटो असतात. गवतावर पांढरा थर, झोपडीच्या छपरावर पांढरा थर, गाडीच्या काचेवरही तेच. फोटो खरे असतात, बातमी मात्र अर्धीच खरी असते. तरी आमच्यासारखी हवामानवेडी मंडळी त्या रात्री उपग्रहाची चित्रं उघडून बसतातच. उत्तरेकडून काय येतंय? यंदा डिसेंबरच्या आधीच काही पडेल का?

या वाट बघण्याला हसू नका. आपल्या देशात पावसाचा सरकारी अंदाज हा प्रकारच मुळी बर्फाकडे बघून सुरू झाला. आज तोच इतिहास सांगतो.

आधी शब्दाचं बघू. 'बर्फ' हा शब्द फारसीतून आला. आपल्याकडचा जुना शब्द 'हिम', आणि त्याचंच मराठीत झालं 'हीव'. हीव भरणं म्हणजे थंडी वाजून अंग कापणं. हुडहुडी भरवणारा ताप तो हिवताप. आणि 'हिवाळा' म्हणजे मूळचा हिमकाळ. म्हणजे ज्या प्रदेशात बर्फ पडत नाही, तिथल्या ऋतूच्या नावातच बर्फ आहे! गंमतच आहे ना?

आता ते फोटो. ते बहुतेक वेळा तोरणमाळचे असतात, नाहीतर अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब, वालंबा या भागातले. तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटर उंचीवर आहे, आणि ज्या अस्तंब्याच्या यात्रेला लोक दिवाळीत डोंगर चढून जातात तो सव्वातेराशे मीटरच्या आसपास. खांडबारा मात्र खाली, तापीच्या दक्षिणेला, सुरत-भुसावळ रेल्वेलाइनवर. इथे स्वेटर पुरतो, वर डाबला शेकोटीसुद्धा पुरत नाही.

तिथे पहाटे जे दिसतं ते गोठलेलं दहिवर. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर रात्री जमीन आपली उष्णता भराभर सोडून देते. गवताचं पातं भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटर वर, पांढऱ्या जाळीदार पेटीत असतो. त्यामुळे पेटीत ३-४ अंश दिसत असताना खाली गवतावर पारा शून्याला टेकलेला असू शकतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दिसतात ते हिमकण याच जातीचे. हे वरून पडत नाही. जिथल्या तिथे गोठतं.

मग खरं बर्फ का पडत नाही? कारण त्याला ढग आणि थंडी एकाच वेळी लागतात, आणि आपल्याकडे त्या दोघांची भेटच होत नाही. पश्चिमी झंझावात हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकतो, त्याच्यामागून उत्तरेचे कोरडे वारे आपल्याकडे उतरतात. थंडी आली, पण ओल नाही. उलट अरबी समुद्रावरून ओल आली की ढग येतात, आणि ढग म्हणजे गोधडी, रात्रीची ऊब ते निसटू देत नाहीत. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांवर गेला होता. तेवढ्या थंडीतही पुण्याला बर्फ पडलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. भारताचं हवामान खातं १८७५ मध्ये स्थापन झालं. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. लगेच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ आला, दख्खन होरपळली, लाखो माणसं गेली. पाऊस कधी दगा देणार हे आधी कळेल का, असं सरकार विचारू लागलं. ब्लॅनफर्डने हिमालयाकडे बोट दाखवलं. वसंतात तिथे बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत पडलं, तर पश्चिम भारतावर कोरडे वारे वाहत राहतात आणि पावसाळा अडतो, असं त्याचं म्हणणं. १८८२ पासून त्याने प्रायोगिक अंदाज दिले, १८८४ मध्ये त्यावर निबंध छापला, आणि ४ जून १८८६ ला पावसाळ्याचा पहिला नियमित अंदाज निघाला. म्हणजे पेरणीची चिंता खान्देशात, आणि तिचं उत्तर शोधायचं ते हिमालयातल्या बर्फात!

पुढे काय झालं ते आमच्या भागाला जास्त लागू आहे. ब्लॅनफर्डनंतर आलेल्या जॉन एलियटने बर्फाच्या जोडीला हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडची हवासुद्धा हिशेबात धरली. अंदाज लांबलचक झाले, भारदस्त झाले. आणि १८९९ ला त्याने पाऊस चांगला होईल असं सांगितलं. झालं उलटंच. गुजरात-राजस्थानकडे ज्याला विक्रम संवत १९५६ वरून 'छप्पनिया' म्हणतात, तो दुष्काळ पडला. त्याच्या झळा खान्देशालाही बसल्या. आपल्या स्टेशनवरून जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे नेमकी त्याच सुमारास सुरू होत होती. आगगाडी आली, पाऊस आला नाही. वर्तमानपत्रांनी खात्याला धारेवर धरलं, आणि नंतर काही वर्षं अंदाज लोकांना द्यायचंच बंद झालं. तो फक्त सरकारी अधिकाऱ्यांच्या टेबलावर जाई. मला या सगळ्या कथेत हाच भाग सगळ्यात वाईट वाटतो. अंदाज चुकणं समजू शकतं, पण शेतकऱ्यासाठी केलेला अंदाज शेतकऱ्यापासूनच लपवायचा?

खात्याचं मुख्यालय मग सिमल्याला गेलं, आणि १९२८ मध्ये पुण्याला आलं. पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे ना, ते नाव तिथून आलंय. तिथून बस पकडणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

तर आपल्याकडे हिवाळ्याच्या तोंडावर येणारं खरं वादळ कोणतं? पांढरं बर्फ नाही, अवकाळी. २६ नोव्हेंबर २०२३ आठवा. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे गारा पडल्या आणि द्राक्षबागा झोपल्या. गारा आणि बर्फ यांत गल्लत करू नका. बर्फ शांत, थंड ढगातून उतरतं, गार मात्र उसळत्या उबदार हवेतून जन्मते.

आमच्याकडे त्या दिवसांत नंदुरबारच्या पथारींवर मिरची उघड्यावर वाळत पडलेली असते, एकरच्या एकर लाल. नवापूर तालुक्यात भात कापून ठेवलेला असतो. तूर फुलावर असते, तीच तूर जिच्या डाळीला भौगोलिक मानांकन आहे. एका रात्रीचा पाऊस, आणि मिरची काळी पडते, बुरशी धरते, रंग उतरला की भाव उतरतो. ताडपत्री टाकायला सहा तास आधी कळलं तरी पुष्कळ असतं.

आणि इथेच मला राग येतो. तालुकापातळीवरचा सल्ला तयार करणारी देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४ मध्ये बंद झाली. त्याची बातमी किती जणांनी फॉरवर्ड केली? 'नंदुरबारचं काश्मीर' मात्र प्रत्येक ग्रुपवर. 'मेघदूत' ॲप अजून आहे, जिल्ह्याचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. घरात कोणाची मिरची पथारीवर असेल तर त्याच्या फोनमध्ये ते आजच टाकून द्या, आणि सल्ला वाचून दाखवा, कारण आपल्या कितीतरी आजी-आजोबांना मावची कळते, छापील मराठी नाही.

बाकी ज्यांना डाबला जाऊन फोटो काढायचाच आहे, त्यांनी आकाश निरभ्र आणि वारा पडलेली रात्र निवडा. उजाडण्याआधी पोचा. ऊन आलं की थोड्याच वेळात सगळ्याचं पाणी होतं.